ज्ञा

रावपुऱ्यात, टॉवरच्या अलीकडे,
खाली बांधणीच्या साड्या, वर आमचा चॅनल.
गच्चीवर पत्र्याची तीन अक्षरं, छातीएवढी उंच:
जि, ज्ञा, सा.
मी आवक-जावक कारकून. मी म्हणायचो जिद्न्यासा,
मालक अमीनशेठ जिग्नासा,
निवेदक दुबे ग्वाल्हेरचा, त्याची जिग्यासा.
फणसे सर म्हणत, भांडू नका, नोंद करा:
वस्तू एक, निरीक्षक तीन.

पहिल्या संध्याकाळी सरांनी पातेल्यात पाणी ठेवलं
आणि अकरा मिनिटं तेच दाखवलं.
एक शब्द नाही.
फोन आले: टीव्ही बिघडलाय.
फोन आले: गॅस बंद करा, पाणी आटेल.
मग पाणीगेटहून एक बाई:
बुडबुडे आधी तळालाच का धरतात हो?
चॅनलचं वय आम्ही
त्या फोनपासून मोजायचो.

नव्व्याण्णव साली विश्वामित्रीच्या काठी
सर आणि कॅमेरावाला मुनाफ सतरा रात्री बसले.
डास, चिखल, थर्मासात गार झालेला चहा.
अठराव्या पहाटे मगरीनं वाळू उकरली,
पिल्लं जबड्यात उचलली
आणि नदीत नेऊन सोडली.
सर त्यावर एवढंच बोलले:
दात आहेत. दाब नाही.

बोधचिन्हात अणू होता, भोवती तीन इलेक्ट्रॉन.
पुढे एक गेला, छपाईत गिचमिड होते म्हणून.
मग दुसरा.
मग अमीनशेठ गेले, मुलानं हिस्सा विकला,
आणि गुडगावहून एक मुलगी आली,
हातात लॅपटॉप, नाक चोंदलेलं.
म्हणाली, तीन माणसं तीन तऱ्हेनं म्हणतात
ते नाव लोकांच्या लक्षात राहणार कसं?
वाईट नव्हती. आल्याचा चहा
दोनदा मागून घेतला माझ्याकडून.

जि तसंच ठेवलं, तेवढाच पत्रा वाचला.
पुढे गर लावलं.
जिगर.

सा लगेच खपलं.
दांडिया बाजारातल्या गाण्याच्या क्लासच्या लिमयेबाई
स्वतः टेम्पो घेऊन आल्या.
ज्ञा कुणालाच नको.
भंगारवाल्यानं उचलून पाहिलं, खाली ठेवलं:
वळणं फार, वजन काही नाही.

शापित विहिरी आल्या, चेटकिणीचा पिंपळ आला.
एका रविवारी ती फीतही आली, विश्वामित्रीची,
ढोल घालून, लाल रंग वाढवून,
'पोटच्या पिल्लांची मारेकरी'.
सरांनी घरी आवाज बंद करून पाहिली.
म्हणाले, मुनाफनं फोकस काय धरला होता.
मग काकूंना विचारलं,
माझ्या रात्रीच्या गोळ्या कुठे ठेवल्यास?

टपाल आता येत नाही.
तरी परवा एक कार्ड आलं, पादऱ्याहून,
ऋत्वी परमार, आठवी ब,
पेन्सिलीनं आखलेल्या रेघांवर गुजरातीत:
तुम्ही सांगितलंत मगर पिल्लं खाते.
मग शेवटी पाण्यात पोहत होती
ती कुणाची?

कापायचं राहून गेलं होतं.
पाच सेकंद, फार तर सहा.

ज्ञा जिन्याखाली उभं असतं.
त्याच्या वेढ्यात मी जुनी कार्डं खोचून ठेवतो,
पाणीगेटच्या बाईंचीसुद्धा आहेत, पुढे त्या लिहायला लागल्या होत्या.
हे नाही खोचलं.
सरांकडेही नेलं नाही लगेच.
माझ्या टेबलाशी बसलो, पदरचं पोस्टकार्ड काढलं,
बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा
आवक सोडून जावक माझ्या हातची.
खूप लिहिणार होतो.
एकच ओळ लिहिली:

किती होती? मोजलीस का?